फळ्यावरचं पापलेट

दिघीच्या खाडीकाठच्या एका रिसॉर्टचा मी मॅनेजर. गावातला एक कोळी रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन आमच्या मागच्या दाराशी यायचा. पहाटे छोट्या होडीतून खाडीत जाळं टाकून नाश्त्याच्या वेळेला परतलेला असायचा. बर्फ वापरायचा नाही. "बर्फ लांबच्या माशाला लागतो," म्हणत तो खाडीतल्या बोयट माशाचा कल्ला बोटानं उचलायचा आणि आतला लालभडक रंग मी नीट बघेपर्यंत सोडायचा नाही.

पण पाहुण्यांना पापलेट हवं असायचं. ते थर्माकोलच्या खोक्यातून कुठून तरी लांबून यायचं. तरी मालकांच्या सांगण्यावरून मी दारातल्या फळ्यावर लिहायचो, 'इथल्या किनाऱ्याचं ताजं पापलेट.'

एके दिवशी तो ऐन जेवणाच्या वेळी पुढच्या दारानं आला. फळा मोठ्यानं वाचला आणि खांद्यावरच्या ओल्या पंच्यानं सगळा पुसून टाकला.

मालक ओरडले, "उद्यापासून मासळी आणू नकोस!"

"न्हाय आणणार. पण तुमच्या खोक्यावर आमच्या किनाऱ्याचं नाव लावायचं न्हाय."

तो गेला. मालक मला म्हणाले, "लिही परत." मी नुसतं 'पापलेट' लिहिलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे एक अक्षरही लिहिलं नाही.

आता तो टोपली घेऊन जेटीवर बसतो. फेरीबोटीतून उतरणारे विचारतात, "पापलेट आहे का?"

"न्हाय. खाडीनं आज जे दिलं, ते हाय. खाऊन बघा, मग बोला."

माणसं थांबतात, वाकून बघतात आणि घेतात. काल त्यांच्या मागे मीही पिशवी घेऊन उभा होतो.