झाळलेली बॅटरी

आमच्या घरात चांदीचे पैंजण व्हायचे. हुपरीत त्याचं कुणाला नवल नाही. कुणी तार ओढतो, कुणी कड्या वळतो, कुणी घुंगरू लावतो. माझे वडील, अप्पा, झाळायचे. म्हणजे गॅसच्या बारीक ज्योतीनं कडीचा सांधा तापवायचा, त्यात झाळ, म्हणजे वितळवलेला जोडधातू, उतरवायची आणि तो असा मिटवायचा की वरून बोट फिरवलं तरी सापडू नये. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्याच कामावर मी शिकलो, कोल्हापुरात राहून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मोठेपणा म्हणून सांगत नाही; पुढे जे झालं त्यात या पदवीचाही हात आहे.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिला दमा होता. डॉक्टरांनी घरी वाफेचं मशीन ठेवायला सांगितलं होतं. धाप लागली की औषध घालून, मास्क लावून दहा मिनिटं बसायचं, मग छाती मोकळी व्हायची. पण मशीन विजेवर चालायचं, आणि ते दिवस भारनियमनाचे होते. सकाळी साडेनऊला लाईट जायची ती दीडला यायची, कधी त्याहून उशिरा. अव्वाला धाप लागायची ती नेमकी सकाळी, स्वयंपाक उरकता उरकता. मग ती उंबऱ्यावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, एकेक श्वास ओढायची. शेजारची काकी पाठ चोळायला यायची आणि मला बघून म्हणायची, "इंजिनेर घरात असून उपेग काय मग?" मी इंजिनिअर नव्हतो, पण तिला ते सांगून काही उपयोग नव्हता.

खरं म्हणजे बाजारात तयार इन्व्हर्टर मिळत होता. आम्ही तो घेऊ शकलो असतो. पण घरासाठी आपण शिकलेलं काहीतरी करावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. आजवर घरानं मला दिलं, आता मी काही द्यावं. ही इच्छा वाईट नव्हती असं मला अजूनही वाटतं.

मी तेव्हा कोल्हापुरातच, राजारामपुरीत, लॅपटॉप दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होतो. गेलेल्या बॅटऱ्यांचा तिथे ढीग पडलेला असायचा. बॅटरीचं प्लॅस्टिक फोडलं की आत बोटापेक्षा जाड असे सहा-आठ सेल निघतात. बॅटरी मेली म्हणतात तेव्हा त्यातले एक-दोनच सेल मेलेले असतात, बाकीचे धडधाकट. मी दुकान बंद व्हायच्या आधी तासभर बसून ते सोडवायचो, मीटर लावून बघायचो, चार्ज करून आठवडाभर तसेच ठेवायचो. ज्यांचा व्होल्ट उतरायचा ते बाद. मालक गल्ल्यावरून ओरडायचे, "काय पावणं, भंगाराचं दुकान टाकायलाय व्हय?"

पण काय करतोय हे कळल्यावर त्यांनीच खुर्ची ओढून मला समजावलं. "हे बघ, ह्याला खरं म्हणजे स्पॉट वेल्डिंग लागतंय. ते आपल्याकडं न्हाई. सोल्डर करणार असशील तर सेलवर दोन सेकंदाच्या वर तापलेलं टोक टेकवायचं न्हाई. आत पापडागत पडदा असतोय. तो भाजला की दोन्ही बाजू आतल्या आत चिकटल्या. मग ती बॅटरी न्हवं, फटाकडी. आणि लगेच उडंल असंबी न्हाई. आठ दिवसांनी उडंल."

मी तसंच केलं. चोवीस सेल निवडले. आठ-आठचे तीन गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यात सेल शेजारी शेजारी जोडलेले, आणि तिन्ही गठ्ठे एकापुढे एक. सेलचं तोंड पॉलिशपेपरनं घासायचं, जोडणारी धातूची पट्टी ठेवून टोक टेकवायचं, उचलायचं, सेल गार होईपर्यंत दुसऱ्या सेलकडे वळायचं. घाईत टेकवलेल्या कथलाचे गोळे ओबडधोबड बसले, पण वीज वाहायला ते पुरेसे होते. मध्ये जाड कागद घातला, फ्यूज घातला, सगळं एका लाकडी पेटीत बसवलं आणि गाडीत लावतात तसा छोटा इन्व्हर्टर त्याला जोडला.

कोल्हापुरात दुकानांना सोमवारची सुट्टी. एका सोमवारी पेटी मांडीवर घेऊन मी हुपरीच्या बसमध्ये बसलो. त्या दिवशी लाईट गेल्यावर अव्वानं मास्क लावला आणि मशीन घुरघुरायला लागलं. गल्लीत सगळीकडे सामसूम, आणि आमच्याच घरात तो आवाज. दहा मिनिटांनी अव्वानं मास्क काढला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चहा टाकू का?" एवढंच. मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

अप्पांनी मात्र पेटी उघडून आत बघितलं. आमच्याकडे झाळलेला सांधा ओढून बघायची पद्धत आहे. पैंजण कुणाच्याही हातचा असो, आपल्या हातात आला की दोन बोटांत धरून एक हिसका द्यायचा. अप्पांनी माझ्या एका पट्टीला तसा हिसका दिला आणि ती निघून त्यांच्या हातात आली.

"हा काय सांधा हाय व्हय रं? शेंबूड पुसल्यागत लावलाईस," ते म्हणाले.

अव्वा हसली. मीही हसलो. "अप्पा, त्याचं वेगळं असतंय," एवढंच म्हणालो आणि तेवढी पट्टी परत जोडली. पडद्याचं, दोन सेकंदांचं, काही सांगितलं नाही. बसची वेळ झाली होती हे खरं. पण बस नसती तरी सांगितलं असतं का? माझ्या शिक्षणातलं काही मी अप्पांना कधी समजावून सांगितलंच नव्हतं. पास झालो, नोकरी लागली, असं शेवटचं तेवढं सांगायचो. आतलं त्यांना कळणार नाही असं मी कधी ठरवलं ते मलाच आठवत नाही.

पुढच्या सोमवारी घरी गेलो तेव्हा अप्पा माझी वाटच बघत होते. हातही धुऊ न देता त्यांनी मला पेटीपाशी नेलं.

"बघ आता," म्हणाले.

एका गठ्ठ्याचे आठही सांधे नव्यानं झाळलेले होते. माझे गोळे कुठेच नव्हते. पट्टी सेलवर अशी बसली होती की जणू ती त्यातूनच उगवली. कथील पाण्यासारखं पसरून कडेला मिटलं होतं. गॅसच्या ज्योतीनं, सावकाश ताव देऊन, तीस वर्षांचा हात लावून त्यांनी ते केलं होतं. सेलच्या बुडाशी वेष्टण थोडं आकसून तपकिरी झालं होतं.

"ओढून बघ की," अप्पा म्हणाले.

मी ओढून बघितलं. आणि म्हणालो, "लई भारी, अप्पा."

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. मालकांचा शब्द न शब्द आठवत होता. मी मीटर लावला. तिन्ही गठ्ठ्यांचे व्होल्ट बरोबर आले. आकडा बरोबर आहे ना, मग असू दे, असं मी स्वतःला म्हटलं. आठवडाभरानंतर पेटी कोल्हापूरला नेऊ, गठ्ठा बदलू, अप्पांना कळणारसुद्धा नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी फक्त माझा निकाल ऐकताना बघितलं होतं. त्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं.

साडेनऊला लाईट गेली. दहाच्या सुमारास अव्वाला धाप लागली. ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली, मी मास्क दिला आणि अप्पांनी मोठ्या हौसेनं बटण दाबलं. मी दारात उभा होतो. जायला पाहिजे होतं पेटीपाशी, गेलो नाही.

चार-पाच मिनिटं झाली असतील. पेटीतून आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मग फटीतून पांढरा धूर. गोडूस आणि घशाला ओरबाडणारा. मशीन चालूच होतं, आणि ते खोलीतलीच हवा ओढून मास्कमध्ये सोडत होतं. अव्वानं दोन श्वास तो धूर घेतला. मी धावत जाऊन मास्क ओढून काढला, तिला काखेत धरून बाहेर ओढलं. मागे अप्पांनी पेटी उचलली. मी ओरडलो, "टाका, टाका!" पण घरात टाकून आग लागली असती, म्हणून ते तशीच घेऊन परसात गेले आणि धुण्याच्या दगडापाशी त्यांनी ती टाकली. तिथे ती पेटली. एकेक सेल फुटत होता आणि गल्लीतली माणसं लांब उभी राहून बघत होती.

एका शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही कोल्हापूर गाठलं. वाटेत अव्वाचे ओठ निळे पडले होते. अप्पांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं भाजली होती, ती त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीखाली लपवली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि बाहेर येऊन विचारलं, "कसला धूर होता?"

मी सांगायला लागलो. "लिथियमचे सेल..."

अप्पा मध्येच म्हणाले, "माझ्या हातनं झालं, डाक्टर. पोरानं चांगली केलती बॅटरी. मी त्यात हात घातला आणि नास केला."

डॉक्टरांनी मान हलवली, लिहून घेतलं. मी ते तसंच लिहू दिलं.

अव्वा नऊ दिवस दवाखान्यात होती. वाचली. पण फुप्फुसं आणखी नाजूक झाली, आणि डॉक्टर म्हणाले उन्हाळा संपेपर्यंत लाईट जाते तिथे तिला ठेवू नका. कोल्हापुरात भारनियमन कमी होतं. म्हणून ती माझ्या भाड्याच्या खोलीवर राहिली आणि अप्पा हुपरीत एकटे.

अमावास्येला काम बंद असायचं, तेव्हा ते डबा घेऊन यायचे. बोटं भरून आली होती, पण अंगठ्याच्या टोकाला गरम-गार काही कळत नव्हतं. तरी झाळायला बसत होते. "आता डोळ्यानं बघून ताव वळखायचा," म्हणाले. माझ्या घरमालकांनी हाताचं विचारलं तेव्हा त्यांनी ती सगळी हकिगत रंगवून सांगितली. "पोराचं काम एक नंबर हुतं बघा. आमी अडाणी माणसं! उगा शाना झालो."

घरमालक हसले. अव्वाही हसली आणि खोकली.

घरमालक खाली गेल्यावर आम्ही डबा उघडून जेवायला बसलो, आणि मी अप्पांना सांगितलं. तुम्ही ताव दिलाय हे मला बघताच कळलं होतं. तो द्यायचा नसतो हे मला ठाऊक होतं. वेष्टण भाजलेलं दिसलं होतं. तरी लई भारी म्हणालो आणि मशीन चालू करू दिलं.

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्यांनी ताट थोडं बाजूला सारलं. मग आवाज न चढवता म्हणाले, "व्यापारी माझा माल तोंडावर मारतोय. सांधा फुगला म्हणतोय, परत कर म्हणतोय. तीस वर्सं ऐकतोय की मी. सख्ख्या भावाचा माल मी परत केलाय, त्यानं माझा केलाय. त्यात कुणाला काय वाटून घ्यायचं? आणि तू माझा माल परत केला न्हाईस. का, तर मला समजणार न्हाई, मी रडीन. व्हय?"

"तसं नाही, अप्पा."

"तसंच हाय. ही बसलीया बघ म्होरं. हिचा जीव गेला असता तू माझं मन राखस्तवर."

अव्वा म्हणाली, "असू द्या की आता, जेवा."

ते जेवले नाहीत. रात्री राहणार होते, पण चारच्या बसनं गेले. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. ते पुढे, मी मागे. बसमध्ये चढताना त्यांनी डाव्या हातानं दांडी धरली आणि मागे वळून पाहिलं नाही.

खोलीवर आलो तर अव्वा तिच्या पातळांची घडी घालत होती. "मला घरी सोड," म्हणाली.

"लाईट जाते तिथं. डॉक्टर काय म्हणाले?"

"जाऊ दे. ते एकटं बसून इचार करणार आता. आणि तू, ते नीट सांगितलंस बघ आज. आधी सांगायचं."

मी तिच्याकडून दोन दिवस मागून घेतले. तयार इन्व्हर्टर आणला, त्याची बॅटरी घराबाहेर परसाच्या भिंतीला फळी मारून बसवायचं ठरवलं आणि अव्वाला घेऊन घरी गेलो. अप्पा कामावर बसले होते. त्यांनी अव्वाला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी फळी ठोकत असताना ते शेजारी येऊन उभे राहिले. तारा जोडण्याआधी मी त्यांना प्रत्येक गोष्ट सांगितली. ही तार कसली, हिला हात का लावायचा नाही, ॲसिड किती असावं, वाफ कुठून निघते. ते ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पूर्वी विचारायचे की नाही हे आठवायचा मी प्रयत्न करत होतो, आणि बोलतच राहिलो.