आडवे झोपणारे अप्पा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर सकाळच्या पाळीला होते. मी वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कधी सुटेल ते सांगायचं आणि ती सुटली नाही की लोकांची बोलणी खायची, असं माझं काम. लातूरहून धाकटा भाऊ शिवा बोलत होता. "अक्का, अप्पा गेले. उशा काढून टाकून आडवे झोपले होते. तसेच गेले." वडील गेल्याचं कळल्यावर माणसं आधी काय विचारतात, मला माहीत नाही. मी विचारलं, "बसवलं का?" तो म्हणाला, "काकू म्हणतेत आत्ताच बसवावं लागंल, नंतर अंग ताठतं." मी म्हटलं, "बसवा. पण अक्षूला जवळ उभी करू नका. फोटोला तर नाहीच नाही. ऐकलंस का?" पलीकडे रडारड सुरू होती, त्याला कुणीतरी हाका मारत होतं... फोन बंद झाला. पुढचे तीन तास तो लागलाच नाही.

अक्षू म्हणजे शिवाची सहा वर्षांची मुलगी, अप्पांची एकुलती नात. आणि बसवणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही मांडी घालून बसवून. अंघोळ घालून, विभूती लावून भिंतीशी टेकवतात, पडू नये म्हणून काखेखालून कापड घालून खुंटीला किंवा खिडकीच्या गजाला बांधतात. मग घरचे सगळे आजूबाजूला बसून फोटो काढतात. मी लहानपणापासून हे पाहत आले होते. त्यात कुणाला भिण्यासारखं काही असेल, असं मला पन्नास वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी लातूरच्या गाडीत लोहा मागे पडलं, अहमदपूर आलं, आणि मी भीतीने शिवाचा फोन पुन्हा पुन्हा लावत होते. वडील गेले होते, ते तर आता बदलणार नव्हतं. भीती होती ती मी वेळेवर पोचेन की नाही, याची.

गेल्या वर्षी अप्पांचं हृदय थकलं. फुप्फुसात पाणी साठायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आडवं झोपू नका, पाठीला तीन उशा लावून बसल्यासारखं झोपा. अप्पा मान डोलवायचे आणि आमची पाठ वळली की उशा खाली टाकायचे. दोनदा श्वास कोंडून दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी मी त्यांना माझ्याकडे नांदेडला आणलं. माझा स्वभाव असा की अडचण दिसली की त्यावर वस्तू आणायची. मी मागे रेलणारी खुर्ची आणली. दुपारी अप्पांना तिच्यात बसवलं. डुलकी लागली की ते खाली घसरायचे, म्हणून माझी शाल त्यांच्या काखेखालून घेतली आणि पाठीमागे खुर्चीला गाठ मारली. गाठ बसताच अप्पांनी डोळे उघडले. इतकी वर्षं भांड्यांचं दुकान चालवलेला, गिऱ्हाइकाला एका शब्दात गप्प करणारा माणूस... त्यांनी माझा हात धरला आणि किंचाळले, "मी जित्ता हाय! मी जित्ता हाय गं माय!" धोतर ओलं झालं होतं. मी गाठ सोडली, धोतर बदललं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांना रागावलेही. "अप्पा, लहान आहात का तुम्ही? बसला नाहीत तर मराल." ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बसून झोपत नसतेत."

त्यांचं मन रमवायचं म्हणून मी त्यांच्या मामांचा जुना अल्बम काढला. अप्पांचं लहानपण निलंग्याचं. पाचव्या वर्षी आई तापाने गेली, मग मामांनी त्यांना लातूरला आणलं. त्यानंतर अप्पा निलंग्याला कधीही गेले नव्हते. लग्नकार्य असलं तरी आमच्या आईला आणि आम्हाला पाठवायचे, स्वतः दुकानाचं कारण सांगून राहायचे. फोटो मात्र त्यांनी हौसेने दाखवले. एकात त्यांच्या वडिलांचं कापडदुकान, वर पाटी उर्दूत. एकात बाजाराच्या दिवशीची गर्दी आणि मधोमध कॅमेऱ्याकडे डोळे फाडून बघणारा बैल. एकात टोपी घालून ट्रंकेवर बसलेले स्वतः अप्पा. "ही टोपी माझी न्हाई. फोटोवाल्याची हाय. तेलकट वास यायचा," असं म्हणून ते हसले. मग एका पानावर हात ठेवून म्हणाले, "हे पान जाऊ दे."

ते पान जाड लागत होतं. दुसऱ्या दिवशी अप्पा अंघोळीला गेल्यावर मी ते चहाच्या वाफेवर धरलं. आत पालथा चिकटवलेला फोटो होता. सोप्यात दहा-बारा माणसं. मधोमध कपाळभर विभूती लावलेली, माळ घातलेली बाई भिंतीला टेकून बसलेली. तिच्या डाव्या हाताला मुलगा. सोप्यात उजेड कमी असणार आणि कॅमेरा तीन पायांवरचा, जुना, त्यामुळे कुणाला फार वेळ स्थिर राहता आलं नव्हतं. सगळ्यांचे चेहरे थोडे थोडे हललेले. मुलाचा हात तर नुसता पांढरा धूर. स्पष्ट होती ती फक्त बाई. तिच्या पापण्यांचा केस न् केस दिसत होता. मी रोज हजार चेहरे बघते, पण तो फोटो मी टेबलावर पालथा टाकला आणि स्वयंपाकघराचा दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन होतं.

अप्पांना मी ते लपवलं नाही. म्हटलं, "फोटो सापडला." त्यांनी अल्बम मिटून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "निलंग्याला नेतीस का?"

दोन दिवसांनी भाड्याची गाडी करून गेलो. अल्बम अप्पांच्या मांडीवर. दुकानाचा फोटो समोर धरून आम्ही बाजारात फिरलो. पाटी गेली होती, पण पुढच्या तीन दगडी पायऱ्या तशाच होत्या. वर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आम्ही फोटो धरून पायऱ्यांकडे बघतोय म्हटल्यावर मालक बाहेर आला. "काय बघून राहिले काका? मोजणीवाले हाव का? जागेची समदी कागदं माझ्याकडं हायत, सांगून ठेवतो!" अप्पा म्हणाले, "भिऊ नगो बाबा. दुकान तुझंच हाय. मला फकस्त पायरीवर उभं राहायचंय." मालकाने फोटो पाहिला आणि वरमला. त्याने चहा मागवला आणि अप्पांना बसायला खुर्ची दिली. अप्पा उभ्यानेच चहा प्याले.

तिथून त्यांनी गावाबाहेरच्या आमच्या स्मशानभूमीकडे गाडी घ्यायला लावली. फाटकाच्या आत मात्र आले नाहीत. फाटकाला धरून जे बोलले, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मला म्हणले, माय झोपलीय, हात धर, हलू नगोस. मी धरला. लई गार लागला, म्हणून चोळाय लागलो. फोटोवाला खेकसला, पोरगं हललं रे! मग समदे उठले आन तिला उचललं. मला वाटलं, मी हललो म्हणून नेलं. इथं आणलं. बसवलं. वरनं माती. मी म्हणून राहिलो, झोपलीय ती, उठंल ना... कुणी ऐकंना." मग म्हणाले, "तवापासून बसून डोळा लागला की वाटतं, आता मला बी झोपलाय म्हणून नेतेत." मी विचारलं, "आमच्या आईला तरी सांगितलं होतं का?" "कुणालाच न्हाई. एवढा बाप्या बसायला भितो म्हणल्यावर हसतेत लोक."

मी त्यांना हसले नव्हते. शालीने बांधलं होतं.

परतताना त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. "रीत मोडू नगा. मेल्यावर बसवा मला, तवा मला काय कळणार हाय? पण लेकराला जवळ उभं करू नगा. आन आजोबा झोपलेत म्हणून तर सांगूच नगा." मी हो म्हटलं. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन उशांना ते तयार झाले, तेही दार उघडं ठेवून आणि खोलीत कुणीतरी बोलत राहील या अटीवर. मी रोज दुपारी त्यांना सुटणाऱ्या गाड्यांची यादी म्हणून दाखवायची, मुखेड, देगलूर, उदगीर... त्यात त्यांचा डोळा लागायचा. दोन महिने दवाखाना टळला. मग ते हट्टाने लातूरला गेले. शिवा कामाचा माणूस, त्याला रोज बोलत बसायला जमेना. मी त्याला दोष देत नाही.

पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. पुढच्या खोलीत अप्पांना बसवलं होतं. काखेखालून पांढरं कापड, ते खिडकीच्या गजाला बांधलेलं. गल्लीतला स्टुडिओवाला कॅमेरा लावत होता. आणि अप्पांच्या डाव्या हाताला अक्षू. गंगाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या चुलत भावजयीने, तिचा हात अप्पांच्या हाताखाली ठेवला होता. "आजोबा झोपलेत बघ, अजिबात हलायचं न्हाई." पोरीने श्वास धरून ठेवला होता. खांदे कानांपर्यंत आले होते.

मी म्हटलं, "अक्षू, ऊठ."

काकू म्हणाल्या, "नंदा, आली तशी हुकूम सोडून राहिलीस. हे बसस्टँड न्हाई."

"अप्पांनी मला सांगून ठेवलंय, काकू."

"मेलेल्या माणसानं सांगितलं असं कुणीबी म्हणंल. एकुलती नात, तिचा फोटो नगो?"

मी काकूंशी वाद घातला नाही. अक्षूसमोर उकिडवी बसले. "अक्षू, आजोबा झोपलेले नाहीत. ते मेलेत." मागून शिवा "अक्का!" म्हणून ओरडला. अक्षूने त्या कापडाकडे बघितलं.

"मग बांधलं कशाला?"

"पडू नयेत म्हणून."

"दुखतं का त्यांना?"

"नाही. मेल्यावर दुखत नाही."

"भीती वाटते का?"

"नाही. त्यांना आता नाही वाटत."

"तुला?"

खोलीत पंचवीस माणसं होती. मी थोरली. सगळं मीच बघणार, हे सगळ्यांनी धरलेलं. मी म्हटलं, "हो. मला खूप वाटतेय."

"मला पण," असं म्हणून तिने हात काढून घेतला आणि उठली. "आपण बाहेर जाऊ?"

आम्ही बाहेर जाऊन पायरीवर बसलो. कुणी कुणाची समजूत काढली नाही. आतून स्टुडिओवाल्याचा आवाज आला, "जरा सरकून घ्या, इकडं जागा रिकामी दिसतेय." कुणी सरकलं नाही.

तो फोटो आता लातूरच्या पुढच्या खोलीत लावलाय. सगळे अगदी स्पष्ट आलेत. अप्पांच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी आहे, आणि काकू ती आल्यागेल्याला दाखवून नाराजी सांगतात. परवा मी तिथे असताना भेटायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, फोटोत थोरली मुलगी दिसत नाही कुठे? काकू म्हणाल्या, "गाडीला उशीर झाला तिच्या."

मी म्हटलं, "नाही. मी वेळेवर पोचले होते. घाबरले, म्हणून बाहेर बसले होते."