झुराकान आपांचे राहिलेले चार शब्द

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या टेलिफोन केंद्रात झुराकान आपांनी एकतीस वर्षे काढली. त्या काळी जिल्ह्यात कुणालाही कुणाशी बोलायचे असले, तर आधी त्यांच्याशी बोलावे लागे. त्यामुळे त्यांचा आवाज सर्वांना ठाऊक होता आणि चेहरा जवळपास कुणालाच नाही. पुढे यंत्रे आपोआप जोडणी करू लागली आणि केंद्र बंद झाले. पती वारले, मुलगा रशियात स्थिरावला. दिवसभर जिच्या कानात शंभर माणसे बोलत, तिच्या घरात फ्रिजची घरघर तेवढी उरली.

मी इथल्या ग्रंथालयात काम करते. बिश्केकची काही मंडळी इंटरनेटवर किर्गिझ शब्दकोश करीत होती. शब्दावर बोट ठेवले की उच्चार ऐकू यावा, अशी योजना. त्यासाठी त्यांना डोंगराकडचे, जुन्या वळणाचे बोलणे हवे होते. मोबदला काही नव्हता. मी फळ्यावर सूचना लावली आणि महिन्याभरात एकच व्यक्ती आली. इस्त्री केलेला कोट घातलेल्या आपांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि रोज किती वेळ बोलायचे, एवढेच विचारले. मी म्हटले, तासभर. त्यांचा चेहरा किंचित उतरला.

"तासच?"

चोवीस हजार शब्दांची यादी होती. प्रत्येक शब्द दोनदा म्हणायचा, सपाट सुरात; आधी आणि नंतर दोन सेकंद शांतता. आपांच्या खोलीत भिंतींवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड आसने टांगलेली होती, म्हणून आवाज घुमत नसे. दुपारी त्या घड्याळ गोधडीखाली कोंबत, फ्रिजची पिन काढून ठेवत आणि मोबाइलसमोर ताठ बसत. बंद फ्रिजमधले लोणी रोज थोडे पातळ होई. दर गुरुवारी मी जाऊन ध्वनिमुद्रणे उतरवून घेई आणि त्या मला तेच पातळ लोणी पावावर लावून देत. असे सात महिने चालले.

शेवटी यादी ताडून पाहिली, तेव्हा चार शब्द सापडले नाहीत: कुऱ्हाड, सफरचंद, शुक्रवार आणि लोखंड. नजरचुकीने राहिले असतील, असे मला वाटले. आपांनी कागद हातात घेतला, परत केला आणि चहाच्या वाट्या पुन्हा पुसायला घेतल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्यांचे सासरे बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. सासूबाई अल्माकान, त्या नावात सफरचंद. थोरले दीर जुमाबेक, त्यांच्या नावात शुक्रवार. आणि पती तेमिर, म्हणजे लोखंड. आमच्याकडे सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचे आणि नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. ते नाव ज्या शब्दात दडले असेल, तो शब्दही तोंडातून काढायचा नसतो. माझ्या आजीने हे पाळले होते. पण आखूड केस राखणारी, कानाला टेलिफोन लावून रशियनमध्ये साहेबांना थांबवून धरणारी बाईही ते पाळत असेल, हे कुणाच्या डोक्यात आले नसते. बावन्न वर्षे त्या बाजारात 'झाडावरचं तांबडं' मागत होत्या आणि लोक त्याला त्यांची गंमत समजत होते.

मी बिश्केकला कळवले. उत्तर नम्र होते, पण पक्के. एका यादीला एकच आवाज, हा त्यांचा नियम होता. महिनाअखेरपर्यंत यादी पुरी झाली नाही, तर सगळे शब्द दुसऱ्या कुणाकडून नव्याने म्हणवून घेणार होते.

"म्हणजे माझं सगळं पुसतील?" आपांनी विचारले.

मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, की घरातला वडीलधारा सुनेला यातून मोकळे करू शकतो, आणि थोरले दीर अजून आहेत. दीर अत-बाशीला राहत. तिथे जायला गाडीने एक तास लागतो. तेमिर गेले त्या दिवसानंतर अकरा वर्षांत दोघांची भेट नव्हती.

"इतकी वर्षं लोकांना जोडून दिलं, पोरी. आता तू मला जोड."

मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. आपा डोक्यावर रुमाल ओढून उभ्या राहिल्या, जणू दीर समोर आले आहेत. त्यांनी सगळे सांगितल्यावर दिरांनी विचारले,

"म्हणजे तू माझ्यावर रागावलेली नव्हतीस?"

"मी? कशाबद्दल, आके?" आपांनी थोरल्या भावाला म्हणतात तसे म्हटले.

"कशाबद्दल ते मलाच शोधावं लागायचं. केंद्रात फोन केला की तू पलीकडच्याला सांगायचीस, एकेचाळीस नंबर बोलतायत. सख्ख्या भावाची बायको, आणि मी एकेचाळीस नंबर! तुमच्या लग्नाला मी नको म्हटलं होतं, ते हिनं मनात धरलंय, असं समजून मी यायचं सोडलं."

"मी तुम्हाला आके म्हणत होते ना."

"आके तर तू बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतेस."

मग ते हसले आणि त्यांना खोकला लागला. आईवडिलांच्या वतीने आणि स्वतःच्या वतीने त्यांनी तिला मोकळे केले. तेमिरचे मात्र तिचे तिनेच बघावे, नवराबायकोच्या मध्ये आपण कोण, असे म्हणाले. आणि शेवटी एक मागणे घातले.

"आधी माझं नाव मला ऐकव. शहाऐंशी वर्षांचा झालो मी."

आपांनी तोंड उघडले आणि मिटले. मग केंद्रातला तो जुना, इस्त्रीचा आवाज आला. "लाइन खराब आहे, आके. नंतर लावते."

लाइन अगदी स्वच्छ होती. त्या खाली बसल्या. "अकरा वर्षं," म्हणाल्या, "आणि वाट तासाभराची." मी वाट्या विसळायला उठले.

पुढच्या गुरुवारी मोबाइलमध्ये चारही शब्द होते. पहिले तीन नियमाप्रमाणे सपाट आणि दोनदा. शुक्रवारच्या आधी एक लांब श्वास तेवढा घेतलेला. लोखंड मात्र एकदाच होते, आणि तो शब्द वाचलेला नव्हता. ताट वाढून झाल्यावर अंगणातल्या माणसाला घरातून जसे बोलावतात, तसा शेवटी सूर वर गेला होता. पुढे दोन सेकंदांऐवजी चौदा सेकंद शांतता. मग बटण दाबल्याचा आवाज.

पुन्हा म्हणणार का, असे मी विचारले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी बिश्केकला पत्र लिहून कारण सांगितले आणि काही कापू नये, अशी विनंती केली. यादी स्वीकारली गेली.

आपा अत-बाशीला अजून गेलेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. दर शुक्रवारी दिरांचा फोन येतो. आज वार कोणता, असे ते आधी विचारतात आणि आपा सांगतात, "गुरुवारनंतरचा."

शब्दकोशात लोखंडावर बोट ठेवले, की एक हाक येते आणि मग चौदा सेकंद काहीच नाही. ऐकणारे बहुधा समजत असतील, नेट गेले.