शिरपतमामाचा सकाळचा प्रश्न

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, खरोखर माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे लेखणी धरलेली नाही, आणि ज्याच्याविषयी लिहायचं त्या माझ्या मामाला, शिरपतला, सहीही येत नव्हती. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात. मामा जुन्या इमारती उतरवणारा मिस्त्री होता. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण तो गेल्याची तार यवतमाळच्या माझ्या वसतिगृहात आली, त्याला आता पाच आठवडे झाले, आणि तेव्हापासून मला एकाच गोष्टीची भीती वाटत राहिली. ती कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मामा इमारत पाडत नसे, उतरवत असे. जे शेवटी चढलं ते आधी खाली, हा त्याचा नियम. आधी छपरावरची कवेलू, मग वासे, मग तुळया, आणि भिंत अगदी शेवटी, वरून खाली, वीट-वीट करून. तुळई सोडवण्याआधी तो तिच्यावर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. मोठेपणी कळलं की त्याचा थोरला भाऊ, म्हणजे माझाच दुसरा मामा, अशाच एका कामावर दोर लावून ओढलेल्या भिंतीखाली गेला होता. तेव्हापासून शिरपतमामा रोज सकाळी कामावरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "भेव वाटून राह्यलं का?" वाटते म्हणणाऱ्याला तो वर चढू देई. गावातले लोक त्याला भेकड मिस्त्री म्हणत. तो हसून म्हणे, भेकड आहो म्हणून तं जित्ता आहो.

पांढरकवड्याच्या रस्त्यावरचं एक जुनं जिनिंग, सरकी काढायचा बंद कारखाना, त्याने गेल्या वर्षी उतरवायला घेतलं. मैदान मोकळं करून द्यायचं आणि बदल्यात एका शेडचं लाकूड अन् विटा आमच्या वस्तीने न्यायच्या, असं जिनिंगच्या शेठशी ठरलं होतं. आम्ही धर्म बदलून सहा-सात वर्षं झाली होती, पण बुद्धवंदनेला आणि मुलांच्या अभ्यासाला एकत्र बसायला छप्पर नव्हतं. गावच्या चावडीत आम्हाला कुणी बसू देणार नव्हतं. आता त्या शेडमधून आमची खोली निघणार होती. शेठच्या मुनीमाचं म्हणणं, दोर लावा, दोन दिवसांत मैदान साफ. मामाने त्याला हाताला धरून आत नेलं आणि वर दाखवलं. म्हणाला, हे सागवान साठ वर्षं सावलीत वाळलं आहे, आता ते वाकणार नाही की फाटणार नाही. जंगलातून नवं तोडून आणलं तर ते वाळायलाच तुमच्या नातवाचं लग्न येईल. चुन्यात बसवलेली वीट हाताने सुटते, पुन्हा बसते. ओढून पाडलं तर यातलं काय उरेल? खड्डा बुजवायला मलबा. मुनीमाला काही ते पटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत मीही कामावर गेलो. पहिल्या सकाळी मामाने मला तोच प्रश्न केला. भीती वाटत होती, पण मी कॉलेजात शिकणारा, चारचौघांत ती कशी कबूल करू? म्हटलं, नाही वाटत.

"मंग खाली बस अन् खिळे सरळ कर," मामा म्हणाला. "भिताडाले मालूम नाई तू कालेजात शिकतं म्हणून."

सगळे हसले. आठ दिवस मी वाकडे खिळे दगडावर ठेवून ठोकत बसलो. त्या खिळ्यांनीच पुढे आमच्या खोलीची दारं बसली... पण तेव्हा मला फक्त अपमान कळला.

तो अपमान मनात राहिला असावा. फाल्गुन संपत आला तरी मागची भिंत आणि तिच्यावरची लांब तुळई उतरायची बाकी होती, आणि त्या तुळईवाचून आमच्या खोलीचं छप्पर अडलं होतं. बुद्धपौर्णिमेला नव्या खोलीत वंदना करायची, असं वस्तीने ठरवलं होतं. परीक्षेच्या धांदलीत मी मामाला अंतर्देशीय पत्र टाकलं. लिहिलं की पौर्णिमेआधी छप्पर चढलंच पाहिजे, आणि शेवटी एक ओळ घातली: मामा, आता एवढं भेव धरू नका.

सहा दिवसांनी तार आली.

मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. भिंत अंगावर आली, एवढंच आई सांगू शकली. बाकी जो तो वेगळं सांगे. एक म्हणाला, शिरपत त्या दिवशी घाईत होता. ते ऐकून मला माझं पत्र आठवलं. गावच्या शाळेतले गुरुजी मामाला माझी पत्रं वाचून दाखवत. म्हणजे ती ओळ त्याने ऐकली असणार. जन्मभर भिऊन जगलेल्या माणसाने भाच्याच्या एका ओळीसाठी भेव सोडलं असणार... गुरुजींना विचारायला मी दारापर्यंत जाऊन परत आलो, दोनदा. मामाचा जोडीदार आयतू कोलाम तेव्हा जवळ होता म्हणतात, पण पंचनाम्याला घाबरून तो आपल्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, निघून गेला होता. मी यवतमाळला परतलो. पुस्तक उघडलं की ती ओळ दिसे. वसतिगृहाच्या भिंतीला पाठ टेकवेना.

गेल्या रविवारी आयतू शोधत शोधत वसतिगृहात आला. खाटेवर बसेना, जमिनीवरच बसला. त्याने सांगितलं की त्या सकाळी शेठचा ट्रक आला आणि त्याच्या माणसांनी कुणाला न विचारता मागच्या भिंतीला साखळी बांधून ओढायला सुरुवात केली. दोन बाया पलीकडे विटा वेचत होत्या. मामा ओरडत आत धावला, दोघींना त्याने बाहेर लोटलं. त्या वाचल्या.

मी विचारलं, त्या दिवशी सकाळचा प्रश्न झाला होता का?

"झालता ना. मीच त्याले उलटून विचारलं, तुले वाटते का रे? म्हणे, मले तं रोज वाटते."

मग पत्राचं विचारलं. आयतूने पिशवीतून मामाची बंडी काढली. काम सुरू करताना मामा ती काढून त्याच्याकडे देत असे. तिच्या खिशातून त्याने माझं निळं पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. तिन्ही कडांचा डिंक जसाच्या तसा होता.

"गुरुजी गावाले गेलते, बाबू," आयतू म्हणाला. "मी म्हटलं, दुसऱ्याकून वाचून घे. तं म्हणे, राहू दे, भाचा येऊन राह्यला पंधरा दिवसांत, त्याच्याच तोंडून ऐकतो."