बझर वाजला नाही तेव्हा

शैलाअक्का गेल्या, त्याच आठवड्यात जळगावला आमच्या कारखान्यात शोकसभा झाली. आमचे शेठ गहिवरून म्हणाले, "अक्कांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही." मी उठून बाहेर आले. मेल्यावर माणसाला गोड करून टाकायची ही रीत मला मान्य नाही. शैला अहिरे नोकरीभर नाहीच म्हणत आल्या, म्हणून आमचे पंप आज दवाखान्यांत धडपणे चालतात. राग ओसरला की लिहू, म्हणून थांबले होते. तो ओसरला नाही. त्यांच्यानंतर तपासणीची सही माझ्याकडे आली आहे आणि नव्या पंपावर ती लवकर हवी, म्हणून शेठ मागे लागलेत.

आम्ही पेशंटला सलाइनमधून मोजून औषध देणारे पंप बनवतो. आतल्या प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकाच वेळी चालतात. एक औषध पुढे ढकलतं. दुसरं नळीवर नजर ठेवतं आणि हवेचा बुडबुडा दिसला की पंप थांबवून बझर वाजवतं. तपासताना आम्ही प्रोग्रॅमचं प्रत्येक पाऊल कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटवायचो आणि सगळं सुरळीत दिसायचं. अक्कांना ते पटेना. त्यांनी पडदा बंद केला, पाण्यात जिलेबीचा रंग कालवला आणि सुईने नळीत बुडबुडे सोडत बसल्या. दिवसचे दिवस. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये... एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. बुडबुडा केशरी पाण्यातून आरामात पुढे निघून गेला होता आणि बझर गप्प होता.

शेठ आले. "एकदाच झालं ना? परत करून दाखवा."

"पेशंटपण एकदाच मरतो, शेठ," अक्का म्हणाल्या.

परत ते काही होईना. पडदा लावला की पंप शहाण्यासारखा वागायचा. साहेब तपासणीला आले की वर्ग हाताची घडी घालून बसतो तसा. कारण अक्कांनीच शोधलं. दोन्ही कामं नेमक्या एकाच क्षणी मेमरीतल्या एकाच आकड्याला हात घालत आणि बुडबुड्याची खबर पुसली जाई. पडद्यावर लिहिण्यात एक काम किंचित रेंगाळायचं, त्यामुळे तेव्हा त्यांची टक्करच व्हायची नाही. म्हणजे आमच्या बघण्यानेच चूक झाकली जात होती. दुरुस्तीपायी मोठी ऑर्डर हातची गेली. ऑफिसात अक्कांचं नाव 'स्पीडब्रेकर' पडलं, पगारवाढ थांबली. त्या नावाला त्या मनापासून हसायच्या. पगारवाढीबद्दल मात्र भांडल्या, आणि ती मिळवली. त्यानंतर मी कधी तपासणी संपली, सगळं बरोबर आहे असं सांगायला गेले, की त्या त्यांच्या गावच्या अहिराणीवर यायच्या, "बठ्ठं बरोबर शे, हाई माले नको सांगू. काय तपासं नही, ते सांग."

शेवटची भेट धुळ्याच्या दवाखान्यात झाली. त्यांच्या हाताला दुसऱ्याच कंपनीचा पंप लावला होता. मी खुर्ची ओढून बसते तोच त्यांनी नळी बोटात धरून मुडपली. बझर कोकलला. नर्स धावत आली. "अहो अक्का, नळी का मोडता?"

"वाजतो का बघते."

नर्स चिडली, मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. अक्का पंपाकडे बघत म्हणाल्या, "चांगलं केलंय गं. कुणीतरी भांडलं असेल ह्याच्यासाठी."

नव्या पंपात दोनच्या जागी चार कामं एकत्र चालतात, म्हणजे टकरीच्या जागाही वाढल्या. पडदा बंद ठेवून तपासणी पुरी व्हायला अजून वेळ लागणार आहे. परवा शेठ खोलीत आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का असत्या तर त्यांनी अडचण समजून घेतली असती." मला हसूच फुटलं. मग ते खरं बोलले, "सही मी दुसऱ्या कुणाकडूनही घेऊ शकतो."

"घ्या," मी म्हटलं. "फक्त त्याआधी हा पंप तुमच्या आईच्या हाताला लावा. मी बाजूला बसते."

शेठ दार ओढून निघून गेले. पंप अजून तपासणीच्या खोलीतच चालू आहे, पडदा बंद करून. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे.