चार ते सहा

परदेशात राहणाऱ्या इंग्रज माणसाइतकं हट्टी माणूस मी पाहिलेलं नाही, आणि हे मी सांगलीची असून म्हणते.

हार्लेममध्ये माझ्या शेजारी एक इंग्रज बाई राहायच्या. साठी केव्हाच उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उभी हयात त्यांनी हॉलंडमध्ये काढली होती, पण त्या इथे राहत होत्या असं म्हणायला जीभ धजत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ एक तास मागे, इंग्लंडच्या वेळेवर. चहाच्या पिशव्या तिकडून बहिणीने धाडलेल्या, कारण इथला चहा म्हणजे त्यांच्या मते भांडी विसळलेलं पाणी. विजेच्या किटलीला तिकडची तीन जाड पायांची पिन होती. ती इथल्या भिंतीत शिरत नाही, म्हणून मध्ये एक अडॅप्टर, तोही पिवळा पडलेला. मी एकदा म्हटलं, अहो, नवी किटली घ्या की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना धर्म बदलायला सांगितलं होतं. म्हणाल्या, ‘कशाला? परत गेल्यावर हीच लागणार आहे.’

आमच्या गल्लीत सगळ्यांचे पडदे उघडे असतात. दिवाणखान्यात कोण काय खातंय ते रस्त्यावरून दिसतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बाईंच्या खिडकीला मात्र जाळीचा पडदा, आणि त्या पडद्याआडून त्या सगळ्यांच्या खिडक्यांत बघायच्या. बस थांब्यावर त्या एकट्या असल्या तरी रांगेत उभ्या असल्यासारख्या उभ्या राहायच्या. सायकलवाला अंगावर आला तर सॉरी याच म्हणणार आणि तो वळणापलीकडे गेला की शिवी हासडणार. डच भाषा म्हणाल तर पाव विकत घेण्यापुरती. त्यापुढे गरज पडली नाही म्हणे.

दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी त्यांच्याकडे जायचे आणि आम्ही दोघी मिळून डचांना नावं ठेवायचो. ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांच्याच सोफ्यावर बसून तिसऱ्याच देशाचा उद्धार करायचा, यात मला एक वेगळंच समाधान मिळे. विषय ठरलेले. कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि लगेच डबा बंद करतात. सख्ख्या बहिणीला भेटायचं तर डायरी काढून तारीख ठरवतात. तोंडावर बोलतात, तुझा नवा कोट तुला शोभत नाही, आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. आणि वाढदिवसाला बोलावलं की खुर्च्या गोल मांडून, केकचा एकेक तुकडा हातात देऊन सगळ्यांना बसवतात. निमंत्रणात लिहिलेलं असतं, चार ते सहा. यायची वेळ सांगितलीत, ठीक. जायचीसुद्धा?

‘आमच्या सांगलीत असं कुणी लिहिलं तर लोक पुन्हा त्याचा उंबरा चढणार नाहीत,’ मी म्हणायचे, आणि बाई मान डोलवून दुसऱ्यांदा चहा ओतायच्या.

माझ्याही तऱ्हा होत्या, नव्हत्या असं नाही. माझ्या माळ्यावर टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याची रिकामी खोकी थर्मोकोलसकट जपून ठेवलेली होती, परत जाताना लागतील म्हणून. मी घरात एक झाड लावलं नाही की भिंतीला एक खिळा ठोकला नाही. पण माझं जायचं खरंच ठरलेलं होतं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे सासर आणि माहेर अशी वाटणी माझ्या वाट्याला आली नाही. घर म्हणजे एकच, सांगलीतलं, आईचं. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी आहे. तिच्याजवळ जाऊन राहायचं, तिच्या म्हातारपणी तिच्या सोबतीला असायचं, एवढं एकच मला आयुष्याकडून हवं होतं. बाकी सगळं, ही नोकरी, हा वारा, हे थंडगार सँडविचचं दुपारचं जेवण, मी त्यासाठी सोसत होते.

माझ्याआधी बाई गेल्या. बहिणीने बोलावलं, ये आता, किती दिवस तिकडे राहणार. त्यांनी किटली टॉवेलात गुंडाळली, जाळीचे पडदे धुऊन इस्त्री करून घेतले आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बहिणीच्या गावी गेल्या. जाताना माझ्या गळ्यात पडून रडल्या. मला वाटलं आनंदाने रडताहेत.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. गावात सगळे त्यांना ‘ती डच बाई’ म्हणत होते. त्या सायकलवरून बाजारात जातात म्हणून. सकाळी पावावर लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरतात म्हणून. बहिणीच्या सुनेने केक केला तेव्हा, कोरडा झालाय, असं सरळ सांगितलं म्हणून. आणि पाहुण्यांना एकेक बिस्किट देऊन त्यांनी डबा बंद केला तेव्हा बहीण सगळ्यांसमोर हसली होती. ‘माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही,’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, त्यांचं जुनं घर रिकामं आहे का. मी सांगितलं की त्या गेल्या त्याच आठवड्यात तिथे भाडेकरू आले. इथे घर कुठलं रिकामं राहायला!

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. इंग्रजांचं असंच व्हायचं, मी मनात म्हटलं. बोटभर देश, समुद्र ओलांडला की संपला. आपलं तसं नाही, आपली मुळं खोल असतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

त्या हिवाळ्यात ऑफिसने सांगलीहून काम करायची परवानगी दिली आणि मी रंगीत तालीम म्हणून आईकडे राहायला गेले. पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले. मग एका दुपारी माझी मीटिंग चालू असताना बेल वाजली. शेजारच्या दोन काकू. मी दारातच हसून, अगदी गोड आवाजात म्हटलं, ‘आत्ता जरा काम चालू आहे. येण्याआधी फोन करत जाल का, म्हणजे नीट बसता येईल.’ मला खरोखर वाटत होतं की मी त्यांचा मान राखतेय. त्या आल्या पावली परत गेल्या. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दाराकडे बघत उभी राहिली.

आणखी एका शेजारणीने लाडू पाठवले. मी आणि आई बाजारात तिला भेटलो तेव्हा तिने विचारलं, कसे झालेत? मी सांगितलं, चांगले आहेत, साखर थोडी जास्त आहे. विचारलं म्हणून सांगितलं. न विचारता नाही सांगितलं! घरी पोचेपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही.

आणि मग आईची पंचाहत्तरी. सगळं मी हौसेने केलं. खुर्च्या आणल्या, केक आणला, भडंग केला, सगळ्यांना फोनवर निमंत्रण पाठवलं. रविवारी, चार ते सहा. लिहिताना हात अडखळला असता तर मी आज हे सांगत बसले नसते. नाही अडखळला.

चारला कोणी आलं नाही. पाचला दोघी आल्या, साडेपाचनंतर घर भरलं. गप्पांना रंग चढला, आई कधी नव्हे ती टाळी देऊन हसली. सहा वाजून गेले तशी मी कप गोळा करायला लागले. एका म्हाताऱ्या मावशींच्या मांडीवर भडंगाची बशी होती, ती मी हात पुढे करून मागितली. ‘बसू देत गं,’ आई म्हणाली. मी म्हटलं, ‘आई, वेळ सांगितली होती की सगळ्यांना.’ हे मी आवाज न चढवता म्हटलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं. मावशींनी बशी माझ्या हातात दिली, पदर सावरला आणि उठल्या. त्यांच्यामागे सगळ्या उठल्या. हळदकुंकू लावून घ्यायलासुद्धा कोणी थांबलं नाही.

त्यानंतर मी होते तोवर दुपारची बेल वाजली नाही. आई चार वाजता दोन कप चहा करायची, एक मला आणून द्यायची आणि आपला कप घेऊन व्हरांड्यात बसायची. मला वाटलं, बरं झालं, तिला जरा विश्रांती मिळतेय. खरंच वाटलं. चीड येते ती याचीच.

आवराआवर करायला मी हार्लेमला परत आले. घरमालकाला कळवलं, ऑफिसात सांगितलं. लोकांनी केक आणला, एकेक तुकडा खाल्ला. त्याच आठवड्यात, भर दुपारी, आईचा फोन आला.

‘घर सोडायचं कळवलंस का गं?’

‘कळवलं की. आता कायमची येते.’

‘असं कर, परत कळव. राहते म्हणून सांग. तू आपली सुट्टीला येत जा. महिनाभर राहा, हवं ते करून घालते. कायमची नको येऊस.’

मला वाटलं ती माझ्या नोकरीची काळजी करतेय. म्हटलं, ‘आई, पैशाचं बघू आपण. पण तुला असं एकटं किती दिवस ठेवायचं?’

‘एकटी कुठं आहे मी? परत यायला लागल्यात सगळ्या.’ तिचा आवाज अजिबात कडू नव्हता. लहानपणी ताप उतरलाय का बघताना जसा असायचा, तसा होता. ‘तू होतीस ना बाळा, तेवढे दिवस होते एकटी.’

मी काही बोलायच्या आत तिकडे बेल वाजली, ‘आले, आले’ म्हणत ती उठली आणि फोन ठेवायचा विसरून दार उघडायला गेली.