तांब्याचा नंबर

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गावाला शिंगंच फुटली. जिकडं बघावं तिकडं चुन्याच्या रेघा. इथं चौक होणार, तिथं मोठा रस्ता होणार! आमची वसाहत त्या रेघांच्याही पलीकडं, उघड्या माळावर. प्लॉट पडले, घरं उठली, पण रस्ता म्हणाल तर मुरमाचा आणि पाणी म्हणाल तर टँकरचं. पावसानं तर तोंडच फिरवलेलं.

मी मुखेडकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. विहारात ‘पोरींना शिकवा, नोकरीला लावा’ अशी भाषणं ऐकत वाढलेली. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी निघाली, तिथं टायपिंगला माणसं हवी होती, आणि मला ऑर्डर आली. मी घरभर नाचले हो!

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते नाचणं थांबवलं. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी लई. म्हणाले, “अंधार पडल्यावर सुनेनं माळावरून पायी यायचं? जमणार न्हाई. बस सुरू झाली तर जा. न्हाईतर हापिसात सांगून टाक, येत न्हाई म्हणून.” नवरा अर्धापूरला मास्तर. रविवारी यायचा, बापापुढं मान हलवायचा, माझ्यापुढंही हलवायचा आणि परत जायचा.

मग मी आणि सासूबाई एसटीच्या साहेबांकडं जाऊन बसलो. साहेब कंटाळून म्हणाले, “सोमवारी सकाळी एक गाडी पाठवतो. भरली तर रोज सकाळ-संध्याकाळ येईल, रिकामी आली तर विषय संपला.” मी घरोघर फिरून सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. बाया तर बस भरायला एका पायावर तयार होत्या.

आता आमच्या टँकरची रीत सांगते. वळणावरच्या बाभळीजवळ टँकर भोंगा वाजवायचा. आवाज आला की हातातलं टाकून धावायचं आणि रस्त्यावर आपलं भांडं ठेवायचं. भांडं ठेवलं की नंबर लागला. मग बाई खुशाल घरी जाऊन तव्यावरची भाकरी उलटून आली तरी चालायचं, तिच्या जागी घागर उभी असायची. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती, कारण तिथं दुकानवाल्या काकू पहाऱ्याला असायच्या. कपाळभर विभूती, आवाज असा की टँकरवालाही दबून असायचा. भांडं न्हाई तर नंबर न्हाई, हा त्यांचा कायदा.

सोमवारी सगळी वसाहत नटून थांब्यावर! पावडरी काय, ठेवणीतली लुगडी काय! पण बस येईचना. ऊन चढलं, तशा बाया एकेक करून घरी सटकल्या. मी एकटी पर्स धरून उभी राहिले.

आणि बाभळीपाशी भोंगा वाजला.

अगं माय! दारादारातून घागरी, बादल्या, कळशा घेऊन बाया सुटल्या की! सवयच तशी लागलेली, बघतंय कोण गाडी कुठली ते! बसच्या पुढ्यात ही लांबलचक भांड्यांची रांग लागली. मी ओरडत राहिले, “आवं, बस हाय, बस!” पण ऐकतंय कोण! गाडी भरते का ते बघायला स्वतः आलेले साहेब खाली उतरले, घागरी बघितल्या आणि वैतागले. “इथं पाशिंजर कुठायत? पाणी भरणाऱ्या बायाच दिसतात. घ्या हो गाडी मागं!”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गेली माझी नोकरी, असं वाटलं.

तेवढ्यात काकू कडाडल्या, “मागं कामून घेता? ही रांग दिसत न्हाई व्हय? भांडं हाय तिथं माणूस हाय!” आणि त्यांनी टँकरसारखेच नंबर पुकारायला सुरुवात केली. “पहिला नंबर! तांब्या कुणाचाय?” कुणीच पुढं आलं नाही. “असू द्या. पहिली शीट त्याची. दुसरा नंबर, उचल घागर!”

आपापली घागर कमरेवर घेऊन बाया चढल्या. ना ढकलाढकली, ना भांडण. सासूबाईही कळशी घेऊन चढल्या. साहेब बघतच राहिले. म्हणाले, “येष्टीत जलम गेला माझा, अशी रांग न्हाई बघितली.” हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

शेवटी मी दाराशी गेले, तर काकू आडव्या. “तुझं भांडं?”

“काकू, ही बस माझ्यासाठीच तर...”

“म्हणून काय झालं? भांडं न्हाई तर नंबर न्हाई.”

तो तांब्या मी कधीच ओळखला होता. मामांचा पिण्याच्या पाण्याचा. आमचं घर वळणावरच, त्यामुळं भोंगा ऐकून ओट्यावरून तेच आधी धावले होते, आणि आता फजिती झाली म्हणून बाभळीआड गप उभे होते. त्यांच्या नंबरावर हक्क सांगायची माझी काय छाती! मी मुकाट्यानं मागं सरले.

तसे मामा पुढं आले. तांब्या उचलून त्यांनी माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हा नंबर आमच्या सुनेचा हाय, काकू. हापिसाला जायचंय तिला.”

काकू बाजूला झाल्या. मी पहिल्या शीटवर बसले, तांब्या मांडीवर घेऊन. साहेबांनी तिथंच सांगितलं, “आज संध्याकाळी परत आणून सोडतो, आणि उद्यापासून रोज.” बस हलली आणि सगळ्या बाया घागरींवर थाप मारत गायला लागल्या. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खरंच सांगते.

“येताना भरून आण गं!” मामा मागून ओरडले.

कचेरीतल्या माठातून भरून आणला. संध्याकाळच्या बसमधून उतरले तर मामा थांब्यावर उभे. तांब्या घेतला, तिथंच उभ्यानं घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या.

“गार हाय,” म्हणाले. “उद्या किती वाजता हाय गं तुझी बस?”